खालच्या बाजूची सही

शर्यत पूर्ण केल्याचे निवेदन
(बोटीवर खालच्या बाजूला बसलेल्या व्यक्तीने भरावे. साडेपाचनंतर आलेला कागद घेतला जाणार नाही.)

१. बोटीचे नाव

थोरली.

कागदावर इतकंच लिहिलं. रकाना बोटभर लांब आहे, त्यात आणखी काय मावणार. बाबांनी ती बांधली तेव्हा आम्ही दोघं जन्मालाही आलो नव्हतो, म्हणून घरात बोट थोरली, दादा मधला, मी धाकटी. आई चिडली की तिघांना एका दमात हाका मारायची, आणि पहिली हाक बोटीला.

२. सुकाणूवर

दादा. (गुडघे वाकत नाहीत, मान वळत नाही, मत बदलत नाही. हे लिहिलं नाही.)

३. इतर

वहिनी आणि मी.

वहिनीकडे घड्याळ, थर्मास आणि आम्हा भावंडांचं टपालखातं. शर्यतीत दादा माझ्याशी थेट बोलत नाही. मी त्याच्यापासून तीन हातांवर असते. "तिला सांग, दोरी सोड जरा." वहिनी मान वळवून म्हणते, "दोरी सोड म्हणताहेत." मी म्हणते, "ऐकू आलं म्हणावं." वहिनी पुन्हा मान वळवते. "ऐकू आलं म्हणतेय." तोवर वारा बदललेला असतो.

४. खालच्या बाजूला कोण बसले होते

मी.

वारा कमी असला की एकाला बोटीच्या झुकत्या बाजूला, शिडाच्या खाली, पाण्याला अगदी लागून बसावं लागतं. त्या वजनाने बोट कलती राहते आणि शीड पोट धरतं. तिथे कोरडं राहायचं नाव नको. सुकाणूवरच्याला शिडाची आतली बाजू दिसते, पलीकडे काय चाललंय ते दिसत नाही. ते फक्त खाली बसणाऱ्याला दिसतं. म्हणून आमच्या क्लबात हा कागद कप्तान भरत नाही, खाली बसलेला माणूस भरतो. पंच सगळ्या बोटींवर डोळा ठेवू शकत नाहीत. तुमची चूक तुम्हीच सांगायची. सत्तर वर्षं असंच चाललंय.

५. एकूण क्रमांक (या शर्यतीसह)

पहिला.

हा शब्द मी हळूहळू लिहिला. शाळेत अक्षर सुधारायला लावायचे तसा.

आमची शिडं शिवायची कार्यशाळा आहे. एक लांब खोली, गुळगुळीत लाकडी जमीन. जमिनीवर कापड पसरायचं, गुडघ्यांवर बसून आखायचं, कापायचं. बाबा गेल्यापासून कापायचं काम माझं, मशीन दादाचं. भिंतीवर बाबांनी खडूने लिहिलेलं एक वाक्य आहे, ते आम्ही कधी पुसलं नाही: जिंकलेली माणसं बदलायची नाहीत.

मला तिथून निघायचंय. दुसऱ्या गावात, समुद्रापासून रात्रभराच्या अंतरावर, नाटकांचे पडदे शिवणारा एक कारखाना आहे. त्यांना कापणारी बाई हवी आहे. तिथे कापडाला वारा लागत नाही. पडदा टांगला की टांगला. तीन वर्षं ते मला विचारताहेत, आणि यंदा त्यांनी लिहिलं की पुन्हा विचारणार नाही.

दादा नाही म्हणत नाही. तीच तर पंचाईत आहे. तो म्हणतो, "शर्यत होऊ दे. हरलो की जा, मी हूं की चूं करणार नाही." मग आम्ही जिंकतो. मग तो भिंतीकडे बघतो.

न विचारता गेले असते तर? त्याचे गुडघे जमिनीला टेकत नाहीत आणि शीड जमिनीवरच कापावं लागतं. त्याने जा म्हटल्याशिवाय गेले तर ते पळणं झालं. मला जायचंय, पळायचं नाहीये.

दर वर्षी ठरवते, यंदा शीड थोडं चुकवू. पोट जरा सपाट ठेवू, कोणाला कळतंय. कात्री हातात घेतली की हात माझं ऐकत नाहीत. यंदाचं पुढचं शीड मी आजवर कापलेल्यांत सगळ्यात चांगलं झालंय. स्वतःच्या कोठडीला इतकी सुबक कडी दुसऱ्या कोणी केली नसेल.

६. वाऱ्याची स्थिती

मंद. नंतर शून्य.

७. बोट कोणत्याही बोयाला लागली का? (हो / नाही)

हे नंतर.

८. लागली असल्यास, जागच्या जागी गिरकी घेतली का?

हेही.

"बाई, कागद आहे तो, कादंबरी नाही," घड्याळकाका म्हणाले. काका शर्यतीची वेळ धरतात. टेबलामागे बसून त्यांनी चष्मा वर केला. "पाच वाजून आठ मिनिटं झाली."

"पेन अडतंय."

"पेन अडतंय म्हणे." त्यांनी आपलं पेन पुढे सरकवलं. क्लबाच्या त्या खोलीला दोन दारं आहेत. एकात दादा टेकून उभा होता. दुसऱ्या दारात दातांचे डॉक्टर, ज्यांची बोट दुसरी आली होती. जाणाऱ्याला दोघांपैकी एकाला बाजूला व्हा म्हणावं लागलं असतं.

९. विशेष घटना असल्यास (दोन ओळींत)

दुपारी अडीच. वरच्या टोकाचा बोया. बोया म्हणजे वळण दाखवणारं पिंप, पाण्यात नांगरलेलं, केशरी रंगाचं. ते डाव्या हाताला ठेवून वळायचं आणि त्याला शिवायचं नाही. शिवलात तर तिथल्या तिथे एक पूर्ण गिरकी घ्यायची, मग पुढे. नाही घेतली तर बोट बाद. आम्ही पुढे होतो. वारा मरायला टेकला होता आणि पाण्याची ओढ आम्हाला पिंपाकडे नेत होती.

"तिला विचार, पिंप चुकवून निघतेय का?" दादा.

"निघतेय का म्हणताहेत."

"निघतेय."

पिंप हातभर दूर होतं. मग वीतभर. दादाने बोट वळवली, पुढचं शीड बाहेरच्या बाजूला फुगलं, आणि त्याची खालची कड पिंपावरून गेली. आवाज झाला नाही. मांजर दाराला अंग घासून जातं, तसं. चार बोटं लांबीचा केशरी पट्टा पांढऱ्या कडेवर उमटला.

मी तो पुसला.

बाहीने, पाण्यात बुडवून, तीनदा. विचार वगैरे काही नाही. कापडावर ओला डाग पडला की तो आधी पुसायचा, बाकीचं नंतर. एकोणीस वर्षं हेच केलंय. कड पुन्हा पांढरी झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय पुसलं.

पुरावा बाहीवर होता. पण शुक्रवारी ती पिंपं रंगवायला क्लबाने ज्या चौघांना बोलावलं त्यांत मी होते, याच जाकिटात. दमट हवेने रंग अजून वाळला नव्हता, आणि रंगवतानाच माझ्या दोन्ही बाह्या केशरी झाल्या होत्या. वहिनीने सकाळीच म्हटलं होतं, "शर्यतीला चाललीस की शिमग्याला?"

मग मी "लागली" म्हणायला तोंड उघडलं. आणि मिटलं. कारण दादाने मान वळवली असती. वळत नाही ती मान त्याने त्यासाठी वळवली असती, आणि मला म्हणाला असता, तुला तर हेच हवं होतं. खरं तेच माझ्या सोयीचं निघालं, आता ते खरं आहे हे कोणाला पटवायचं? मलाही क्षणभर वाटलं, खरंच लागली ना? की मला दिसायला हवं होतं म्हणून दिसली?

मी मनात दहा मोजले. म्हटलं, सांगतेच.

तेवढ्यात वारा गेला.

गिरकी घ्यायलाही वारा लागतो. बोट होती तिथे थांबली. पाणी तेलासारखं. चौदा बोटी, सगळ्यांची शिडं ओल्या टॉवेलासारखी लोंबलेली. पाऊण तास. माझी पाठ शिडाला, गुडघे हनुवटीला, समोर दोन हातांवर वहिनी, तिच्यामागे दादा. उठायचं नाही, कारण बोट हलते. जोरात बोलायचं नाही, कारण पाण्यावर सगळ्यांना ऐकू जातं.

साठेक हातांवर डॉक्टरांची बोट होती. "काय हो, टाके घालताय का?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही दाढा मोजा," दादा म्हणाला.

"बत्तीस आहेत. तुमच्या बोटीचं मोजून झालं असेल तर निघा की."

वहिनीने थर्मासचं झाकण भरून माझ्याकडे दिलं. तिची नजर माझ्या बाहीवर गेली. मग शिडाच्या कडेवर. तिथे काही नव्हतं. कडेचा तेवढाच भाग ओला होता, बाकी सगळं शीड कोरडं.

"चहा घे," ती म्हणाली. मग फार हळू, "तुला काही पोचवायचंय का तिकडे?"

टपालखात्याने स्वतःहून विचारण्याची ही पहिलीच वेळ.

"नाही," मी म्हटलं.

नंतर वारा आला आणि आम्ही पहिले आलो. दादाने मला थेट म्हटलं, "शीड झकास कापलंयस." भिंतीकडे बघायला अजून घरी जायचं होतं, पण त्याचा चेहरा आताच तिकडे वळला होता.

हे दोन ओळींत कसं लिहायचं. शेवटी लिहिलं: वरच्या बोयाला पुढच्या शिडाची कड घासली. गिरकी घेतली नाही, कारण मी सांगितलं नाही.

मग वरच्या रिकाम्या रकान्यांकडे गेले. आठव्यात "नाही". सातव्यात "हो"वर खूण केली. पाच वाजून एकवीस.

१०. साक्षीदार (असल्यास)

घड्याळकाकांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि दादाकडे धरला. त्याने वाचला. डॉक्टर दारातून हलले नाहीत, पण छताकडे बघायला लागले.

"लागली?" दादा म्हणाला.

"लागली."

"मला काही जाणवलं नाही."

"तुला जाणवायचं नव्हतंच. शीड घासलं, बोट नाही."

"तुला जायचंय म्हणून हे."

"जायचंय," मी म्हटलं. "आणि लागली. दोन्ही."

"डाग?"

"पुसला."

त्याने कागद टेबलावर ठेवला. "पुसला," तो म्हणाला, आणि बाहेर गेला.

काकांनी दहाव्या रकान्यावर बोट ठेवलं. "रिकामा राहिला तरी चालतो. खाली बसणाऱ्याचा शब्द पुरतो." ते नियमाचं बोलत होते.

खिडकीतून धक्का दिसत होता. दादाने पुढचं शीड बोटीवरून काढून लाकडी फळ्यांवर पसरलं. मग टेबलाला हात लावून म्हातारे बसतात तसा, पण टेबल नसताना, तो खाली बसला. दोन्ही गुडघ्यांवर. वहिनी धरायला गेली, त्याने हात झटकला. कडेवरून तो तळवा फिरवत निघाला, वीत वीत. मी पुसलेली जागा त्याने ओलांडली. पुढे गेला. तिथे काही नव्हतं. मी चांगलं पुसलं होतं. मी सगळंच चांगलं करते.

टोकापर्यंत जाऊन तो परत फिरला. वहिनीने खिशातून त्याचा जाड भिंगाचा चष्मा काढून दिला. मशीनवर सुईत दोरा ओवताना लागतो तो.

काकांनी घड्याळ बघितलं. साडेपाचला चार कमी. "तुम्हाला जायचं असेल तर जा, बाई. सही झाली."

मी खिडकीशीच थांबले. दार आता मोकळं होतं.

दादा आत आला तेव्हा पँटच्या दोन्ही गुडघ्यांवर पाण्याचे गोल होते. माझ्याकडे न बघता त्याने काकांचं पेन घेतलं आणि दहाव्यात स्वतःचं नाव लिहिलं. अक्षर रकान्याबाहेर गेलं.

"तीन टाके," तो काकांना म्हणाला. "कापडावरचा रंग गेला. सुईच्या भोकांत आहे."

डॉक्टर म्हणाले, "अहो, राहू द्या आता."

"राहू कसं द्या. तुमचा कप आहे, घ्या तो." मग तो सवयीने वहिनीला सांगायला वळला. वहिनी दाराबाहेर, शीड गुंडाळत होती. टपाल न्यायला कोणी नव्हतं. त्याला माझ्याशीच बोलावं लागलं.

"भोकं फार बारीक पाडलीत मी. जेमतेम शिरला रंग. नसता शिरला तर मी सही केली नसती."

"माहीत आहे."

"गाडी कधीची?"

"परवाची."

"कात्री तुझी आहे, ने," तो म्हणाला, आणि टेबलाच्या कडेला धरून तसाच उभा राहिला. गुडघे सरळ व्हायला वेळ लागत होता.