शनिवारचं पॉलिश

"ऐकलंस? परत आली," हातातला फडका तसाच धरून हे दारात उभे राहिले.

"कुणी नाही हो तिथे," मी भाजी चिरता चिरता म्हटलं. "लाकूड आहे. वाजतं कधीकधी."

"पावलं आहेत ती."

चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत आमचा संसार. हे चर्चचे राखणदार. दर शनिवारी हॉलच्या लाकडी जमिनीला मेणाचं पॉलिश करायचं आणि रविवारच्या उपासनेपर्यंत तिथे कुणाला, अगदी पाळकसाहेबांनाही, पाऊल टाकू द्यायचं नाही, हा यांचा कायदा होता. जमीन अशी चकचकीत, की तीत बघून भांग पाडावा. माझ्यापेक्षा तिच्यावरच यांचा जीव जास्त, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला हसून सांगायची. सहा वर्षांपूर्वीच्या एका शनिवारपासून सांगणं बंद केलं.

त्या दुपारी एक मुलगी आली होती. पाठीवर पिशवी, भाषा परकी, आपली मोडकीतोडकी. तासभर नाचाचा सराव करू द्या म्हणाली. बाकी सगळीकडून तिला हाकललं होतं. "जमीन ओली आहे, सोमवारी या," हे म्हणाले. अगदी नीट बोलले आणि दार लावून घेतलं. मागच्या गल्लीत एक इमारत अर्धवट पडून होती. ती तिथे चौथ्या मजल्यावर जाऊन नाचली. कडेला कठडा नव्हता. पडून गेली; ती कोण, कुठली, पोलिसांनाही कळलं नाही.

ती आधी आमच्या दारात आली होती हे कुणाला ठाऊक नव्हतं. "बोलू नका, राहती जागा जाईल," असं यांना बजावणारी मीच.

पुढे यांनी पाळकसाहेबांच्या मागे लागून हॉल सगळ्या शहराला उघडायला लावला. चित्रकार आले, कळसूत्री बाहुल्यांवाले आले, ढोल बडवणारे आले. दहा जातींचे, दहा भाषांचे लोक. आता पॉलिश पहाटे, आणि दहा वाजता वाळो न वाळो, दार सताड उघडं. त्या मधल्या वेळात यांना पावलं ऐकू येतात.

परवा पावलं ऐकली त्याच शनिवारी चार वाजता चर्चचा कारभार बघणारी पंच कमिटी बसली. मी चहा घेऊन गेले तेव्हा कमिटीचे अध्यक्ष, निवृत्त हेडमास्तर, तावातावानं बोलत होते.

"आपली मंडळी चाळीस, आणि धुडगूस अख्ख्या शहराचा! यांतलं एक तरी माणूस उपासनेला बसतं का? मग चर्चनं हे का करायचं? कारण सांगा, नाहीतर सोमवारपासून कुलूप."

पाळकसाहेब प्रेमाबद्दल, शेजाऱ्याबद्दल बोलले. पण ते रविवारी बोलतात तसंच बोलले, आणि कुणी ऐकलं नाही.

खुर्च्या मांडून भिंतीशी उभे असलेले हे पुढे आले. मी डोळ्यांनी दटावलं. आयुष्यात पहिल्यांदा यांनी माझं ऐकलं नाही.

"कारण मी सांगतो," हे म्हणाले. "ती पडलेली मुलगी, मागच्या गल्लीतली. ती आधी इथे आली होती. मी तिला घालवली."

"का?" हेडमास्तरांनी विचारलं.

"पॉलिश केलं होतं म्हणून. तुम्ही सगळे जमिनीचं कौतुक करायचात ना. मी जमीन राखली, साहेब. दुसरं कारण मला येत नाही."

मला यांचा भयंकर राग आला, आणि त्याच वेळी यांच्याजवळ जाऊन उभं राहावंसं वाटलं. मी चहाचा ट्रे ठेवला आणि यांच्या शेजारी गेले.

"मीच यांना गप्प बसवलं," मी म्हटलं.

हेडमास्तरांनी आपल्या बुटांखालच्या जमिनीकडे पाहिलं. "हॉल उघडा राहू दे," ते म्हणाले. "तुमच्या जागेचं पुढच्या बैठकीत बघू." जाताना त्यांनी यांच्याकडे पाहिलं नाही.

पाळकसाहेब मागे थांबले. "उद्या मृतांची नावं वाचायची आहेत. तिचंही घेतो. काय नाव होतं?"

"विचारलं नाही मी," हे म्हणाले.

रविवारी पाळकसाहेबांनी एकेक नाव वाचलं. प्रत्येक नावानंतर मंडळी ते परत म्हणते, तशी रीत आहे. शेवटचं नाव झालं, त्यांनी कागद मिटला, तरी ते खाली बसले नाहीत. लोक वर बघायला लागले. माझ्या शेजारी यांनी तोंड उघडलं होतं आणि ओठ हलत होते. पण म्हणायला नाव नव्हतं.