माळ कुठवर आली

नूतनची माळ बेंबीपर्यंत आली, त्या दिवशी फुलाबाईनं देवाला नारळ फोडला.

तीन वर्षांच्या नातीचे डोळे पिवळे झाले, लघवी कोऱ्या चहासारखी व्हायला लागली, तेव्हा फुलाबाईनं कुणाला विचारलं नव्हतं. कावीळ ओळखायला काय डॉक्टर लागतो? एसटीनं ती पोरीला विंझरला गेनबाकडं घेऊन गेली आणि माळ घालून आणली. वेलाच्या काड्या दोऱ्यात गाठवलेली, टोपीएवढी माळ. कावीळ उतरेल तशी ती आपसूक वाढते. डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून छातीवर. पायापर्यंत आली की कावीळ गेली. गेनबानं पथ्य सांगितलं होतं, "तेल न्हाई, हळद न्हाई. आन माळ अंगावर हाय तवर दवाखान्याची गोळी न्हाई."

तिसऱ्या दिवशी आशाताई स्नेहल गोळ्या घेऊन आली. नूतनचे आईबाप पनवेलच्या बांधकामावरून पोरीला घेऊन परतले ते तापातच, म्हणून तिनं सगळ्यांच्या बोटाचं रक्त नेलं होतं.

"मावशी, नूतनला हिवताप निघालाय. त्याचे जंतू रक्तच फोडत्यात. डोळे त्यानंच पिवळे झाल्यात. ही गोळी माझ्यासमोर द्या."

"उपाशीपोटी? जेवू दे की पोरीला. मग देते."

स्नेहलला अजून चार वाड्या फिरायच्या होत्या. ती गेली आणि गोळ्या देवाच्या फोटोमागं गेल्या.

लावणीहून चिखलानं माखून आलेली नूतनची आई, सुलक्षणा, रोज सासूला विचारायची, "आत्या, गोळी दिली का?"

"दिली गं बाई. म्या काय वैरीण हाय व्हय तिची?"

आणि रोज सकाळी नूतन विचारायची, "आजी, माळ कुटवर आली?"

"गळ्यात आली."

"आता?"

"आता छातीवर. कावीळबाई गाठोडं बांधाय लागली बघ."

पोर भिंतीची माती चाटायला लागली. खेळायची सोडून उंबऱ्यावर बसून राहायला लागली. शेजारीण म्हणाली, "नूतन गोरी पडली की गं!" फुलाबाईला बरं वाटलं. त्यांच्या घराण्यात आजवर कुणी गोरं निघालं नव्हतं.

नारळ फोडला त्याच दुपारी नूतन उठेना. छाती भात्यासारखी हलत होती. पुन्हा रक्त घ्यायला आलेल्या स्नेहलनं तिची खालची पापणी ओढली. आत कागदासारखं पांढरं. तिनं तिथंच फोन लावला.

सरकारी दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, "अकराच्या पुढं पाहिजे तिथं रक्त तीनवर आलंय. हिला रक्त चढवावं लागेल, ते पुण्याला. गोळ्या पुऱ्या केल्या होत्या का?"

"पुऱ्या केल्या," सुलक्षणा म्हणाली. फुलाबाई भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिली.

पुण्याला निघालेली अँब्युलन्स विंझरवरून जाताना गेनबा दारात कुणाच्या तरी माळेच्या काड्या तोडत बसला होता. गाडीतल्या डॉक्टरनं छातीला वायरी लावायच्या म्हणून नूतनची माळ कात्रीनं कापली. फुलाबाईनं ती मुठीत घेतली. काही सुचेना म्हणून ती बोटांनी चाचपत बसली. काड्या सुकून बारीक झाल्या होत्या, गाठी ढिल्या पडून नुसता दोरा लांब सुटला होता. तिनं काड्या एकीकडं सारल्या. सारत सारत शेवटाला आली, तर उरली पुन्हा टोपीएवढीच माळ. एक काडी वाढली नव्हती.

"सुलक्षणा," ती म्हणाली, "गोळ्या फोटोमागं हायत."

"किती?"

"समद्या."

सुलक्षणानं पोरीच्या पायावरचा सासूचा हात उचलून बाजूला ठेवला.

शिवऱ्याजवळ वाहनांची रांग लागली होती. भोंगा ओरडत होता, पुढचा टेम्पो हलत नव्हता. डॉक्टर सारखा वायरी जोडलेल्या यंत्राकडं बघत होता, मग बघायचा थांबला आणि पुढं वाकून ड्रायव्हरला म्हणाला, "उलट्या बाजूनं घाल."

नूतननं डोळे किलकिले केले. ओठ फडक्यासारखे पांढरे. फुलाबाई खाली वाकली, तेव्हा कुठं ऐकू आलं.

"आजी... माळ कुटवर?"

फुलाबाईनं मूठ पदराखाली घातली.

"पायापतुर आली, बाळा," ती म्हणाली. "पायापतुर आली."