ठेका कोण बदलतं?

मित्रांनो, यंत्र जुनं झालं की पहिला संशय त्याच्यावरच येतो. मी एका फोटो स्टुडिओतला जुना संगणक. कारखान्यात माझे भाग जोडले गेले, खोक्यात बसून मी इथे आलो आणि इथलाच झालो. मला डोळे नाहीत. एक छोटा माईक आणि झिजलेल्या कळा, एवढ्यावरच मी जग ओळखतो.

माझा मालक फोटोग्राफर. लोकांच्या घरचे फोटो गाण्याच्या ठेक्यावर बसवणं हे आमचं दोघांचं काम. ठेका पडला की मालक माझी लांब कळ दाबायचा आणि नेमक्या त्याच क्षणी फोटो बदलायचा. पाळण्यातलं बाळ, दप्तर पाठीवर घेतलेली मुलगी, तिची पदवी. बघणारे नाक ओढत म्हणायचे, "काय मशीन आहे हो तुमचं!" मी पंख्यासकट फुलून जायचो.

मग काहीतरी बिनसलं. मालक काम पुरं करून उठायचा आणि पुन्हा उघडून बघतो तर फोटो इकडचे तिकडे सरकलेले!

"हे धूड म्हातारं झालंय," म्हणत त्याने मला टपली मारली. मला ती फार लागली, कारण मी एकही फोटो हलवला नव्हता. दुपारी दुकान बंद असताना कुणाची तरी बोटं माझ्या कळांवर फिरत होती. पण कुणाची?

मालकाचा धाकटा भाऊ शेजारच्या खोलीत बसायचा. त्याच्याकडे नवा लॅपटॉप होता. "दादा, यात ठेका आपोआप सापडतो. ते जुनं भंगारात दे," असं तो सारखं म्हणायचा. मालकाच्या मनात पाल चुकचुकली. माझ्याही. धाकट्याची बोटं धपाधप पडायची आणि ही बोटं हलकी होती, हे खरं. पण चोर कधी पाय आपटत येतो का?

एका मुख्याध्यापिका बाईंच्या निरोप समारंभाचं मोठं काम आलं आणि तेही बिघडलेलं निघालं. मालक भावावर तुटून पडला.

"एवढा विश्वास नसेल तर मी चाललो," धाकटा म्हणाला.

"जा!"

दार आपटलं. मी मनातल्या मनात म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला. पण दुसऱ्या दुपारी तीच हलकी बोटं पुन्हा आली! आता मात्र मालकाने सापळा रचला. जेवायला बाहेर जातो असं घरी सांगून तो फोटोच्या पडद्यामागे उभा राहिला.

चपला वाजल्या. हेडफोन लावला गेला. कळा हलल्या. तेवढ्यात पडद्याच्या कड्या खणखणल्या.

"तू?" मालक ओरडला.

ती त्याची बायको होती.

"माझं काम बिघडवतेस? त्याला सामील झालीस?"

"बिघडवत नाही, निस्तरतेय. अहो, नाजूक ठेके तुमच्याकडून सुटतात. जोराचा पडला की मगच तुमचं बोट पडतं."

"मला ताल शिकवू नकोस!"

तिने हेडफोन उपसला. गाणं खोलीभर पसरलं. वाद्यं एकेक करून मागे गेली आणि एक बारीक घुंगरू तेवढं वाजत राहिलं.

"आता काय वाजतंय?" तिने विचारलं.

"काही नाही. गाणं संपलं."

"नाही हो," ती हळूच म्हणाली, "गाणं चालू आहे."

स्टूल करकरलं. मालक खाली बसला होता. "मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही भिंतींवरसुद्धा संशय घेत होता. सांगायचं कसं?"

दुसऱ्या दिवशी माझ्या कळांवर धपाधप बोटं पडली. धाकटा परत आला होता. "वहिनी, दादा काल माझ्या दारात नुसता उभा," तो सांगत होता. "शेवटी मीच म्हटलं, आत ये, चहा टाकतो." पुढे मालकाच्या कानाला छोटं यंत्र लागलं. बाईंच्या समारंभाचं काम तिघांनी मिळून माझ्यावरच केलं. मोठे ठेके मालकाने दाबले, नाजूक बायकोने.

मित्रांनो, आमच्यावरची धूळ पुसत जा, पंख्याला वारा लागू द्या, एवढंच आमचं मागणं. पण घरातलं कुणी हाक मारूनही वळेनासं झालं, उगाच चिडू लागलं, तर त्याच्यावर रागावू नका. जवळ बसून विचारा, "ऐकू कमी येतंय का?" आणि तो 'नाही' म्हणाला, तर लगेच उठू नका.