ॲलर्जी नाही

रुग्णालयाचा सगळा डेटाबेस जिच्या हातात होता, ती औषधखिडकीच्या प्रमुखाची सख्खी वहिनी होती, आणि घोळ झाला तो या नात्यापायीच. रोज सकाळी ती डेटाबेसची तपासणी लावायची. नोंदींचं एकेक पान उघडून त्यावरचा मजकूर धड आहे का, हे मशीन बघायचं. पण तेवढा वेळ खिडकीवरचे कॉम्प्युटर रेंगाळायचे. "वहिनी, तुमची ती तपासणी आवरा हो! रांगेतली माणसं माझ्या नावानं बोटं मोडतात," असं दिरानं जेवताना एकदा म्हटलं, दुसऱ्यांदा म्हटलं, आणि मग सासूबाईंच्या देखत म्हटलं. सासूबाईंपुढे धाकट्या लेकाचा शब्द कोण मोडणार? तिनं तपासणी बंद केली. बॅकअप रोज निघत होता, त्याच्यापुढे हिरवी खूण उमटत होती. तेवढ्यावर तिनं समाधान मानलं.

एका रविवारी बाह्यरुग्ण विभाग बंद होता, म्हणून तिनं सहज तपासणी चालवली. कोणत्या रुग्णाला कोणतं औषध चालत नाही, त्या नोंदींची काही पानं डिस्कवर खराब झाली होती.

तरी तिनं धीर सोडला नाही. बॅकअप होता ना! कालचा उघडला, त्यातही तीच पानं खराब. परवाचा उघडला, तेच. मागे जावं तितकं तेच. सर्वांत जुना बॅकअपही तसाच निघाला. खराब पान बॅकअपनं रोज इमानेइतबारे जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं आणि वर हिरवी खूण दिली होती. आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं. बॅकअप काढणारे पुष्कळ असतात, तो उघडून बघणारा विरळा. ती स्वतःला त्या विरळ्यांत धरत आली होती, याचीच तिला जास्त लाज वाटली.

प्रशासकांना फोन केला. ते म्हणाले, "दुरुस्तीची सोय असते ना त्यात? मग करून टाका. उद्या सकाळी सगळं चालू पाहिजे. आणि हे बाहेर बोलू नका." झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांचं प्रशासनाचं पहिलं सूत्र होतं.

दुरुस्ती तिनं आधी एका प्रतीवर करून पाहिली. मशीननं खराब पानं काढून टाकली, पुढची-मागची पानं जोडली आणि कळवलं, आता एकही चूक नाही. तेवढ्यात औषधखिडकीवरून दीर चहा घेऊन आला.

"झालं की! उगाच तोंड उतरवून बसलायत."

"भाऊजी, किडका दात उपटला की दुखायचं थांबतं. पण दात गेलाच ना? जे उरलंय ते नीट आहे, एवढंच हे सांगतंय. कोण गेलं ते याला माहीत नाही."

"मग त्या लोकांचं स्क्रीनवर काय दिसणार?"

हा प्रश्न तिला आधी सुचायला हवा होता. तिनं खिडकीचा प्रोग्राम उघडला. नोंद वाचता आली नाही तर चूक दाखवून थांबायचं सोडून, तो लिहिणाऱ्या शहाण्यानं सरळ 'ॲलर्जी नाही' असं छापायला सांगितलं होतं.

"उद्याचं सोडाच," ती हळू आवाजात म्हणाली. "ही पानं खराब झाली तेव्हापासून तुम्हाला खिडकीवर असंच दिसत आलंय."

दिरानं कप खाली ठेवला.

वाट सापडली ती इंडेक्समधून. पुस्तकाच्या शेवटी सूची असते, तशी औषधाच्या नावावरून रुग्ण शोधायची सूची डेटाबेसमध्ये वेगळी ठेवलेली होती, आणि ती डिस्कच्या चांगल्या भागावर होती. सूचीत आहेत पण मूळ नोंदींत नाहीत, ती माणसं तिनं वेगळी काढली. औषध घेतल्यावर त्यांना काय त्रास होतो, हे मात्र सूचीत नव्हतं. ते गेलं ते गेलंच. निदान कोणाला काय चालत नाही, एवढं हाती आलं. मग तिनं ती नावं खिडकीवरून दिलेल्या औषधांशी ताडून पाहिली.

एकच माणूस जुळला. एक गवंडी. गेल्याच आठवड्यात त्याला नेमक्या त्याच गोळ्या दिल्या होत्या.

"देणारा मीच आहे," दीर स्क्रीनकडे बघत म्हणाला.

"प्रशासक म्हणाले, बाहेर बोलू नका."

"खड्ड्यात गेले प्रशासक." त्यानं नंबर फिरवला आणि फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला. घंटी वाजत राहिली. त्या क्षणी तिला दिराचा राग आला नाही, स्वतःचाच आला. घरात नको म्हणायला जड जातं, म्हणून तिनं इथं हो म्हटलं होतं.

"बोला," पलीकडून आवाज आला.

"रुग्णालयातून बोलतोय. गेल्या आठवड्यात नेलेल्या गोळ्या घेतल्यात का तुम्ही?"

"छे! फेकल्या त्या. मला चालत नाहीत, मागं एकदा मरता मरता वाचलोय."

दिरानं डोळे मिटले. "फार चांगलं केलंत. पण मग खिडकीवर सांगायचं नाही का?"

"सांगितलं की! दोनदा सांगितलं. तिथले साहेब म्हणाले, कॉम्प्युटरमध्ये असं काही नाही, तुमचा गैरसमज असेल. मागची माणसं ओरडायला लागली, म्हणून मुकाट घेऊन आलो. आपण कोण बोलताय?"

वहिनीनं मान खाली घातली. आता काहीही सांगून फोन ठेवता आला असता.

"तोच साहेब बोलतोय," दीर म्हणाला. "त्या दिवशी ऐकायला हवं होतं, ते आज ऐकतो. त्या गोळीनं तुम्हाला काय काय होतं, सावकाश सांगा."

गवंडी सांगू लागला, आणि वहिनीनं टाइप करायला घेतलं.