लटकलेली केबल आणि मी

हसू नका मित्रांनो! काचेला तडा गेलाय, पण सुई अजून ठणठणीत आहे माझी. मी बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यातल्या शालिग्राम सरांचा जुना मल्टीमीटर. तारेतून वीज पार जाते की नाही, ते मी सुई हलवून सांगतो.

सर हौशी रेडिओवाले, म्हणजे घरच्या रेडिओवरून दूरच्या मित्रांशी बोलणारे, रीतसर परवाना असलेले. गच्चीवरच्या अँटेनापासून खोलीतल्या रेडिओपर्यंत जाड काळी केबल येते. तिच्या पोटात एक तार, भोवती तारांची जाळी. दोन्ही टोकांचे प्लग सर स्वतः सोल्डर करत, म्हणजे कथील वितळवून जोडत, आणि मला लावून तपासत. सुई पळाली की म्हणत, "वा रे पठ्ठ्या!" नवे डिजिटल मीटर आले, तरी त्यांनी मला अंतर दिलं नाही.

रोज सकाळी सातला नेपानगरचे मधुकरराव रेडिओवर यायचे. चाळीस वर्षांची दोस्ती! एकदा ते म्हणाले, "शालिग्राम, तुझा आवाज तुटतोय. सोल्डर कच्चं दिसतंय."

झालं! सरांना ते फार लागलं. "माझं सोल्डर? कच्चं?" म्हणत त्यांनी रेडिओ बंद केला. दुसऱ्या दिवसापासून मधुकररावांचा आवाजच येईना. तीन सकाळी नुसती खरखर. सरांना चहासुद्धा गोड लागेना.

"रुसलाय तो. मी नाही फोन करणार," ते सुनेला, प्रतिभाला म्हणाले.

"बाबा, एकदा केबल तर चेक करा."

"केली ना! मीटरने ओके दिलंय."

दिलं होतं मित्रांनो, पण बांधण्याआधी, केबल गच्चीवर आडवी पसरलेली असताना! प्रतिभा वर गेली. सरांनी केबल खांबाला केळीच्या सोपटाच्या, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीच्या, दोरीने बांधली होती. आमच्याकडे दिसेल ते सोपटानेच बांधतात. ते वाळून सुटलं होतं आणि केबलचं सगळं वजन वरच्या प्लगवर आलं होतं. वीज तारेतून जाऊन जाळीतून परत यावी म्हणून तिने खोलीतल्या टोकाला दोन्ही चिमट्याने जोडल्या आणि वर येऊन, केबल तशीच लटकती ठेवून, वरच्या प्लगला मला लावलं. माझी सुई जागची हलेना. केबल उचलून धरली, तर पळाली! सोल्डर निखळलं होतं. तिने सरांना वर बोलावलं; त्यांच्यासमोर ते दाखवताना माझ्या अगदी जिवावर आलं, पण खोटं कसं बोलू?

सरांनी लगेच नवा प्लग लावला, केबल क्लिपांनी घट्ट बसवली. पुढल्या सकाळी सातला आवाज आला, "शालिग्राम! तीन दिवस हाका मारतोय रे. रुसलास का माझ्यावर? फोन करायची हिंमत होईना."

सरांनी माईक तोंडाजवळ ओढला. "मधुकर, तूच खरा होतास रे. चुकलो मी."

मित्रांनो, आम्हा जुन्या मीटरांचे सेल वेळेवर बदलत जा. आणि एखाद्याचा आवाज येईनासा झाला, तर तो रुसलाय म्हणून बसून राहू नका. आधी आपली केबल हलवून बघा.