शाईखालचे पत्र

अवरक्त फिल्मला निळी शाई दिसत नाही, शिसपेन्सिल मात्र दिसते. ही माहिती मी बायजाबाईंना सांगायला नको होती. १९७४ च्या ऑक्टोबरात ती मी मोठ्या हौसेने सांगितली.

तंत्रनिकेतनातून बाहेर पडल्यापासून यंत्रांचे नकाशे तपासणे हा माझा व्यवसाय, आणि छायाचित्रण हा छंद. महाल वस्तीतल्या माझ्या दोन खोल्यांपैकी एकीची खिडकी मी कांबळ्याने कायमची बंद केली होती. गांधीसागर तलावाच्या पाण्यातले रात्रीचे दिवे टिपून झाले, मुंगीचे जबडे झाले. मग परदेशी गेलेल्या एका वर्गमित्राने अवरक्त फिल्मचा वीस चित्रांचा एक रोल पाठवला. उन्हाने तो खराब होऊ नये म्हणून पत्र्याच्या डब्यात घालून मी माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवत असे. त्यातली आठ चित्रे झाडांवर खर्च करून तेवढा तुकडा मी कापून धुतला. पाने पांढरीशुभ्र आली, आभाळ काळे.

समोरच्या घरातल्या बायजाबाई पिठाची चाळणी परत द्यायला आल्या आणि वाळत टांगलेल्या चित्रापुढे थांबल्या.

“हे काय गा भाऊ, झाडाले कोड फुटलं का?”

मी समजावून सांगितले. डोळ्याला दिसते ते या फिल्मला दिसत नाही आणि उलटही. उदाहरण म्हणून शाईचे आणि पेन्सिलीचे सांगितले. त्या घरी गेल्या आणि पदराखाली एक आंतरदेशीय पत्र घेऊन परत आल्या.

त्यांचा मुलगा रवींद्र चांद्याकडे एका खाणीत कामाला होता. ऑगस्टच्या अखेरीस तो गेल्याची तार आली. हे त्याचे शेवटचे पत्र. बाईंना वाचता येत नव्हते; पत्र आले तेव्हा त्यांचे यजमान नत्थूजी यांनी वाचून दाखवले होते, की पोरगा बरा आहे, दिवाळीला येतो. तारेनंतर बाईंना ते पुन्हा कुणाकडून तरी ऐकायचे होते, पण तिसऱ्याच दिवशी त्यावर दौत लवंडली. नत्थूजी एका वखारीत लिहिण्याचे काम करत. घरात दौत असायचीच. सगळा कागद निळा झाला होता.

“पेन्शिलनंच लिवे तो,” बाई म्हणाल्या. “त्याचे शब्द पुन्हा एक डाव ऐकाले भेटले, तं मले दुसरं काही नाही पाहिजे.”

त्याच संध्याकाळी नत्थूजी आले. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

“मास्तर, काहून तरास घेता? फिलम महाग असते. तिचं काय, रडून राहिली दिवसभर. होईन शांत हळूहळू.”

मला ते सौजन्य वाटले. मी म्हणालो, “त्रास कसला, नत्थूजी. माझाही प्रयोग होईल.”

प्रयोग मी पद्धतशीर केला. आधी माझ्याच कागदावर पेन्सिलीने लिहून त्यावर निळी शाई ओतली आणि चार चित्रे घेतली. मग पत्र काचेखाली सपाट केले, दोन बाजूंनी शंभर वॅटचे दिवे लावले, भिंगापुढे गडद लाल काच बसवली. अवरक्त किरणांचा केंद्रबिंदू डोळ्याला दिसतो त्याहून थोडा मागे पडतो आणि जवळच्या चित्रात ही चूक फार वाढते; म्हणून अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरने भिंग सरकवत आठ चित्रे घेतली. फिल्म पूर्ण काळोखात, लाल दिव्याशिवाय धुतली. आठांपैकी पाचवे स्पष्ट होते. शाई नाहीशी झाली होती. ‘रवींद्र’ या सहीतल्या ‘र’ची गाठ मी मोठ्या भिंगाखाली पाहिली, कड धारदार होती. त्यावरून हातभर लांबीची प्रत काढली आणि वाळवली.

पत्र मी वाचले नाही. नकाशे तपासणारा माणूस रेषा तपासतो. मी अक्षरांच्या कडा तपासल्या.

रविवारी सकाळी बाई आल्या. नत्थूजींनाही त्यांनीच आणले होते. “त्याईलेबी ऐकू द्या.” ते दाराशी उभे राहिले, बसा म्हटले तरी बसले नाहीत.

मी वाचू लागलो. “तीर्थरूप बाबास रवींद्रचा जयभीम. आईलाही सांगा. पत्र लिहिण्यास कारण की, दीड महिन्यापासून छातीत दुखते. खोकल्यातून रक्त पडते...”

मी थांबलो. दाराकडे पाहिले. नत्थूजींची नजर जमिनीवर होती. तेव्हा कुठे मला ती दौत समजली.

“पुढचे नीट उठले नाही, बायजाबाई,” मी म्हणालो.

त्या उठल्या, प्रतीजवळ आल्या आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरवत नेले.

“खालीबी तं तसंच काळं काळं दिसून राहिलं, भाऊ. वाचा.”

माझे काम इतके नेटके झाले होते की मला खोटे बोलता येईना. मी वाचले. बाबा, मी काम टाळत नाही. येऊन मला घेऊन जा. एकट्याने गाडीत बसवत नाही. आईला सध्या सांगू नका, ती घाबरेल.

मग बाईंनी विचारले, “तारीख असन ना वरती?”

“चार ऑगस्ट.”

बोटांच्या पेरांवर त्या मोजू लागल्या. पत्र घरी पोचायला तीन दिवस सोडले. तार सव्वीसला आली होती. एकोणिसाव्या पेरावर अंगठा थांबला. प्रत गुंडाळून त्या नवऱ्याच्या शेजारून निघून गेल्या. शाईचा मूळ कागद टेबलावरच राहिला.

नत्थूजी तिथेच उभे होते. “दोन नोकऱ्या सोडून आला होता तो,” ते म्हणाले. “मले वाटलं, तिसरीबी सोडाचे बहाणे. दोन महिने जाऊ द्या म्हटलं, टिकन.” मग कागद उचलला, घडी घातली, पुन्हा उघडली. “घरी नेऊ का हे?”

मी दिव्यांच्या वायरी गुंडाळू लागलो. ते कागद ठेवून गेले.

त्यानंतर समोरच्या घरातून बोलण्याचा आवाज येईनासा झाला. नत्थूजींचे ताट वेळेवर वाढलेले असे, एवढे दारातून दिसे.

दिवाळी उलटल्यावर बाई प्रत घेऊन आल्या.

“हे लई मोठं आहे, भाऊ. घरात कुठंबी ठेवलं तरी दिसते. पानाच्या डबीत मावन इतकं करून द्या.”

“अक्षरे वाचता येणार नाहीत इतकी बारीक होतील.”

“मले कुठं येते वाचता,” त्या म्हणाल्या.

त्या दुपारी मी लाल दिव्याखाली दोन बोटांएवढी प्रत काढली. कागदावर ओळी उमटू लागल्या तशी भिंग धरून एकेक वाचत गेलो, सहीपर्यंत.