कार्तिकातली मरळ

“पाणी निवळला काय रे?”

नाना दारात उभे. हातात बांबूची काठी, डोक्याला कानटोपी, खांद्यावर पंचा आणि लेंग्याची नाडी सुटलेली. मुलुंडच्या तिसऱ्या मजल्यावरून, ऐन दिवेलागणीला, हा गृहस्थ मासे गरवायला निघाला होता.

त्यांच्या मुलाने, सुशांतने, हातातली बॅग खाली ठेवून पायानेच सोफ्यामागे सरकवली. पण नानांची नजर! सकाळी काय खाल्लं ते आठवत नसे, बायको जाऊन तीन वर्षं झाली तेही आठवत नसे. बॅग मात्र बरोब्बर दिसली.

“खंय चललंस?”

“कुठे नाही नाना. ऑफिसचं सामान आहे.”

“ऑफिसात गरी कित्याक लागता?”

बॅगेच्या तोंडातून सुशांतची घडीची काठी आणि तिला बांधलेला गळ बाहेर आला होता. वाट लागली. स्वयंपाकघरातून नंदाताई डोकावल्या. नानांना दिवसभर सांभाळायला त्या समोरच्या चाळीतून येत. सुशांत आज रात्रीच्या बसने गावी निघालाय हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

नानांची उमेद गिरणीत गेली. गिरणी बंद पडली तसे ते सिंधुदुर्गातल्या आपल्या गावी परतले आणि नदीकाठीच बसले म्हणा ना! नदी तरी केवढी, ह्या काठावर खोकलं तर त्या काठावरचा माणूस तब्येत विचारील. पण तिच्यातली मरळ नानांसारखी कुणाला कळली नाही. उन्हाळ्यात ती श्वास घ्यायला वर कुठे येते, थंडीत कुठल्या खडकाखाली सुस्त पडते, कधी तिला बेडूक लावायचा आणि कधी गांडूळ, सगळं त्यांना पाठ. आई गेल्यावर सुशांतने त्यांना मुंबईला आणलं, आणि तिथून दोघांचे हाल सुरू झाले.

एका दुपारी नाना घरातून नाहीसे झाले. सापडले ते मार्केटमागच्या नाल्यावर. काळ्या पाण्यात गरी सोडून शांत बसले होते आणि पोरं मोबाईलवर शूटिंग करत होती. त्या दिवसापासून दाराला आतून उंचावर कडी आली, तिला कुलूप आलं, आणि किल्ली सुशांतच्या गळ्यात. तरी नाना दार गदागदा हलवायचेच. भलतीसलती थाप त्यांना पटायची नाही. शेवटी सुशांतने त्यांचीच विद्या त्यांच्यावर उलटवली.

वैशाखात तो सांगायचा, “नाना, नदी आटली. मासे कोंडीत अडकलेत.”

“मगे नको. अडकलेल्याक गरी घालूची नाय.” की काठी कपाटामागे.

आषाढात पाणी गढूळ. पौषात मासा तळाला. आणि श्रावणात सगळ्यात हुकमी थाप: “मरळीला पिल्लं झालीत.” पाण्यावर पिल्लांचा लालभडक घोळका फिरतो आणि त्याखाली आई असते. तिथे काहीही टाका, ती झडप घालते. भूक म्हणून नव्हे हो, पिल्लांच्या अंगावर कोण आलं म्हणून! अशी मरळ पकडणं पोरखेळ, पण नानांनी ती कधी पकडली नाही आणि कुणाला पकडू दिली नाही.

प्रत्येक ऋतूला एक थाप होती. कार्तिकाला नव्हती. कार्तिकात पाणी नितळ, मासा भुकेलेला. गेल्या कार्तिकात सुशांतने हात टेकले आणि नानांना गावी नेलं. तर ते नदीत गळ्यापर्यंत उतरले आणि बाहेर यायलाच तयार होईनात. चुलतभाऊ यज्ञेशने पाण्यात उडी टाकून ओढून काढलं, म्हणून वाचले.

आता परवा त्याच यज्ञेशचा फोन. “अरे, तळ दिसता पाण्याचो! मरळीन काल माझी गरीच तोडून न्हेली. ये मेल्या, दोन दिस तरी ये!”

दोन दिवस. सुशांत पंचेचाळिशीला आला होता. लग्नाचं उरलंसुरलं वय नानांच्या औषधपाण्यात कधी सरलं, त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. नंदाताई दोन रात्री राहते म्हणाल्या तेव्हा तो संडासात जाऊन रडला होता.

“साहेब, जावा तुमी,” नंदाताई कुलूप काढलेल्या कडीकडे बघत कुजबुजल्या. “मी बघते त्यांचं. बस चुकंल.”

“पाणी निवळला काय, ता सांग!” नानांनी काठी जमिनीवर आपटली.

गढूळ आहे म्हणायला सुशांतने तोंड उघडलं. पण तीन वर्षांचं सगळं एकदम बाहेर पडलं.

“निवळलंय! तळ दिसतोय नाना! आणि मला जायचंय. तुम्हाला घेऊन नाही. एकट्याला जायचंय मला!”

ओरडून झालं आणि त्याला स्वतःचीच शरम वाटली.

“नको,” नाना म्हणाले.

“का नको?”

“पिल्लां आसत तिची.”

कार्तिकात पिल्लं? नाना स्वतःचं नाव विसरतील, पण हे चुकायचे नाहीत.

“नाना, कार्तिक आहे हा.”

“म्हायत आसा माका.” ते जवळ आले. त्यांचा खरखरीत हात सुशांतच्या गालावर टेकला. “पिल्लां सोडून मरळ खंय जाणा नाय. धड खाणा पण नाय. रोडावता बिचारी.”

सुशांतने तो हात धरून ठेवला.

“थोडेच दिस ऱ्हवलेत,” नाना समजुतीच्या सुरात म्हणाले. “पिल्लां गेली काय ती मोकळी. मगे जा तू. कार्तिकातच जा. सूर्याकडे तोंड करून उभो ऱ्हव, सावली पाण्यात पडूक देव नको.”

“नाना, असं नका ना बोलू...”

पण नाना वळलेसुद्धा. सुशांत सोफ्यावर बसला आणि बुटाची नाडी सोडू लागला. गाठ सुटता सुटेना. नंदाताईंनी चहाचं आधण ठेवलं.

नानांनी काठी कपाटामागे नेऊन ठेवली. मग ते दाराशी गेले, टाचा उंचावून वरची कडी स्वतःच्या हाताने सरकवली, आणि नीट बसली का म्हणून एकदा ओढून पाहिली.